कोणता मदतनीस निवडाल?

संगणकाला काम सांगणारा प्रोग्राम लिहायला आता यंत्रेच मदत करतात. 2021 मध्ये ‘गिटहब कोपायलट’ आला, 2022 मध्ये ‘चॅटजीपीटी’. मग ‘क्लॉड’ आणि ‘जेमिनी’. यातला चांगला कोणता? जाहिरात पाहून ठरवू नका, परीक्षा घ्या!

आपल्या डहाणू-घोलवडच्या चिकूला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. त्याचेच गणित घालू या. चिकू 1000, एका खोक्यात 12. खोकी किती लागतील? प्रोग्राम नुसता भागाकार करून 83 म्हणाला, तर उरलेले 4 चिकू ठेवायचे कुठे? उत्तर हवे 84. आता चिकू 996 करा. या वेळी मात्र 83 च यायला हवेत.

हेच गणित दोन मदतनीसांना घाला. दोन्ही वेळा बरोबर कोण, आणि ‘असं का?’ विचारल्यावर तुम्हांला समजेल असं कोण सांगतो? तोच निवडा. खातं मात्र आईबाबांना विचारूनच उघडायचं हं!

आणि गंमत कळली का? 84 हे उत्तर आधी तुम्हांला यायला हवं! डहाणू असो की तलासरी, ज्याला भागाकार येतो तोच परीक्षक होतो.