गुणपत्रिका पुरे, आता योजना दाखवा!



1951 ते 2017 या काळात देशात बारा पंचवार्षिक योजना झाल्या. त्यांत चुका होत्या, दिल्लीची मनमानी होती. पण पैसा कुठे जाणार हे लिहिलेलं असे आणि त्यावरून सरकारला जाब विचारता येई. 1 जानेवारी 2015 रोजी नियोजन आयोगाच्या जागी नीती आयोग आला. त्याच वर्षी भारताने संयुक्त राष्ट्रांत शाश्वत विकासाची 17 उद्दिष्टं मान्य केली; मुदत 2030. 2018 पासून नीती आयोग या उद्दिष्टांवर राज्यांना गुण देतो. निधी वाटण्याचा अधिकार मात्र त्याला नाही. ताप मोजणाऱ्याच्या हाती औषधाची पेटीच नाही!

याची फळं मराठवाडा भोगतो आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाऊस कमी पडला, हे खरं. पण या दुष्काळी मुलखात साखर कारखाने काय पावसाने काढले? उसाचा किमान दर केंद्र ठरवतं, धरणाचं पाणी राज्य सोडतं. दोन कारखान्यांमधलं हवाई अंतर सरकार मोजतं. त्यांच्या उसाला किती पाणी लागेल, हे कोण मोजतं? यात शेतकऱ्याला दोष देऊ नका. भावाची हमी उसालाच असेल, तर तो ऊसच लावणार.

उपाय राज्यघटनेतच आहे. 74व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली. तिचे किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडलेले असावेत आणि आराखडा करताना पाणीवाटप व पर्यावरणरक्षण विचारात घ्यावं, असं घटना सांगते. निधीची वाटणी करून उठण्यासाठी ही समिती नाही.

आमच्या मागण्या :

1. जिल्ह्याचा विकास आराखडा मंजुरीआधी मराठीत प्रसिद्ध करा.
2. प्रत्येक मोठ्या प्रकल्पासोबत त्याच्या पाण्याचा हिशेब जोडा.
3. ज्वारी, तूर, हरभरा यांची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी करा.
4. ग्रामपंचायतींचे आराखडे जिल्ह्याच्या आराखड्यात घ्या. नाकारलात तर लेखी कारण द्या.

2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेला या. गावचा आराखडा मोठ्याने वाचून घ्या, पाण्याचा हिशेब मागा आणि तसा ठराव इतिवृत्तात लिहिल्याशिवाय उठू नका.