खमीर दोन्हीकडचं

येशूने खमिराची उपमा दोन्ही अर्थांनी वापरली, हे आपण सहसा विसरतो. मत्तयाच्या तेराव्या अध्यायातली बाई तीन मापं पिठात खमीर कालवते आणि सगळं पीठ फुगून येतं. देवाचं राज्य तसं आहे. तीन मापं म्हणजे शंभरेक माणसांना पुरेल इतकं पीठ! सोळाव्या अध्यायात मात्र तोच येशू शिष्यांना परूशी आणि सदूकी यांच्या खमिरापासून जपायला सांगतो. चांगलं काय, वाईट काय, पिठाला सारखंच. ते फुगतंच.

आधी चांगलं खमीर. १८९३ साली राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका मिशनऱ्याने बायबल दिलं. सहप्रवाशाच्या हाती एक पुस्तक ठेवलं, एवढंच. १० फेब्रुवारी १८९५ला टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. घर मोडलं, पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षं दुरावल्या. हे दुःख झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पण पुढे त्याच लक्ष्मीबाईंनी अहमदनगरच्या घरात बालकवींना पोटच्या पोरासारखं सांभाळलं, ‘स्मृतिचित्रे’ लिहिली. टिळकांची भजनं आजही मराठी चर्चमधून घुमतात.

आता दुसरं खमीर. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, ही अफवा मोबाइलवरून आधीच गावोगाव पोचली होती. आठवडी बाजाराच्या दिवशी भिक्षा मागायला आलेल्या, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. अफवा पुढे ढकलणाऱ्यांपैकी कितीजणांनी काठी हातात घेतली असेल? बहुतेक जण तेव्हा आपापल्या घरी असतील, ‘सावध राहा’ एवढंच लिहून मोकळे झालेले. माझ्या मते तेही निर्दोष नाहीत.

मिस्साच्या सुरुवातीला आपण छातीवर हात मारून कृतीच्या पापाबरोबर शब्दाच्या पापाचीही कबुली देतो, आणि जे करायला हवं होतं पण केलं नाही, त्याचीही. ही कबुली मोबाइललाही लागू आहे. पॅरिशच्या ग्रुपवर एखाद्या समाजाबद्दल भडक मजकूर आला की आपण गप्प बसतो, कारण पाठवणारा ओळखीचा, वयाने मोठा असतो. या आठवड्यात तसा मजकूर आला तर तो पुढे पाठवू नका. पाठवणाऱ्याला फोन करा आणि नम्रपणे विचारा, “काका, हे तुम्हाला कुठून कळलं?”