कुलपाने पोर सुधारते काय?

“पोरे बिघडली, डांबा त्यांना!” असे म्हणणाऱ्या सभ्य गृहस्थांना माझा सवाल आहे: डांबून किती सुधारली? अमेरिकेने हा प्रयोग मनसोक्त करून पाहिला. २००० साली तेथील बालगुन्हेगारांच्या सुधारगृहांत एका दिवशी लाखावर मुले कोंडलेली होती. २०२० साली सुमारे २५ हजार उरली. म्हणून आकाश कोसळले काय? उलट, याच २० वर्षांत मुलांच्या अटकेचे प्रमाणही निम्म्याहून खाली आले!

आणि आम्ही? २०१५ च्या कायद्याने १६ वर्षांच्या पोरालाही, गुन्हा निर्घृण असल्यास, मोठ्यांच्या न्यायासनापुढे उभे करण्याची वाट मोकळी केली. मी शाळामास्तर, वर्गाबाहेर काढलेले पोर गणित शिकत नाही, एवढे मला कळते. फराळाच्या ताटावर बसून शिक्षा फर्मावणे सोपे असते, वाचकहो. पण ते पोर आपले असते तर?