चार्जरवरची बारीक अक्षरं

उन्हाळा आला की नाशिकच्या बऱ्याच घरांत आईबाबांच्या अमेरिकावारीच्या बॅगा भरल्या जातात. मेतकुटाचं वजन दोनदा होतं. विजेच्या वस्तू आठवतात कसारा घाट उतरताना! महात्मा गांधी रोडवर अ‍ॅडॉप्टर घेण्याआधी चार्जरवरची बारीक अक्षरं वाचा. १००-२४० व्होल्ट असेल, तर फक्त पिन बदलायची. आपला २३० व्होल्टचा मिक्सर मात्र तिथल्या १२० व्होल्टवर नुसता कण्हतो, कारण साधा अ‍ॅडॉप्टर दाब बदलत नाही. त्यापेक्षा चटणी इथेच वाटून न्या. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवा. २०,००० एमएएचची साधारण ७४ वॉट-तासांची, म्हणजे विमानातल्या १०० च्या मर्यादेत बसते. लंडनच्या तीन चपट्या पिनांचं प्रकरण आतल्या पानांवर.