फुकटचे प्यादे

आमच्या शाळेत बुद्धिबळाचा पट एकच आहे. मधल्या सुट्टीत जो हरेल त्याने लगेच उठायचे, असा नियम आहे. हा नियम मला पटत नाही. का, ते सांगतो.

मागच्या शनिवारी मी तिसरीतल्या एका मुलीकडून हरलो. पोरं हसली. मी म्हणालो, "नशिबाने जिंकली." पण घरी आजोबांच्या पटावर तो डाव परत मांडला, तेव्हा कळले की नशीबबिशीब काही नव्हते.

तिचे मोहरे पांढरे. तिने वजिरापुढचे प्यादे दोन घरे टाकले. (आजोबा देशी पद्धतीने खेळतात, त्यात प्यादे एकच घर चालते.) मीही तेच केले. मग तिने शेजारचे, उंटापुढचे प्यादे दोन घरे टाकले. फुकट मिळाले म्हणून मी ते खाल्ले. इथपर्यंत चूक नव्हती. तिने राजापुढचे प्यादे एक घर सरकवले आणि तिच्या उंटाचा डोळा माझ्या प्याद्यावर आला. तेव्हा ते जाऊ देऊन मी घोडा बाहेर काढायला हवा होता. पण मी हावरट! ते वाचवायला घोड्यापुढचे प्यादे दोन घरे टाकले. तिने कडेचे प्यादे आणून त्याच्यावर मारा धरला. मी त्याला आणखी एका प्याद्याचा जोर दिला. तिने मारले, मी मारले. मग तिने वजीर राजाकडच्या उंटाच्या प्याद्यापुढे ठेवला. तिथून तिरका रस्ता थेट माझ्या कोपऱ्यातल्या हत्तीपर्यंत! तो रस्ता मीच मोकळा करून दिला होता. मध्ये घोडा घातला, तर तिने तो खाऊन वर शह दिला. पुढचे लिहीत नाही.

काही मुले अजून म्हणतात की मुलींना हा खेळ जमत नाही. २०२५ साली महिलांचा विश्वचषक आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने जिंकला, तोही नशिबाने का? तिसरीतल्या त्या मुलीला मी सोमवारी सांगितले की चूक माझी होती. ती म्हणाली, "मला माहीत आहे."

म्हणून मला वाटते, डाव संपल्यावर पट आणखी दहा मिनिटे त्याच दोघांकडे ठेवावा. कुठे चुकले ते दोघांनी मिळून बघावे. बाकीचे म्हणतील, आमचा नंबर कधी लागणार? तेही खरेच आहे. तेव्हा पालकांपैकी कोणाच्या घरी जुना पट पडून असेल, तर शाळेला द्यावा. आमच्या पटातला एक काळा घोडा हरवला आहे, त्याच्या जागी आम्ही खोडरबर ठेवतो.

– इयत्ता चौथी