चेन की बेल्ट? धंद्याच्या गाडीचा हिशेब वेगळा

अलीकडे दुकानदार मंडळी भेटली की एक प्रश्न हमखास विचारतात. "माल पोहोचवायला नवी गाडी घ्यायची आहे. शोरूमवाले बेल्टची इलेक्ट्रिक मोटारसायकल दाखवतात. तेल नको, आवाज नको, चेन ताणण्याची कटकट नको म्हणतात. घ्यावी का?" विचारणारा कोणी बेकरीचे पाव वाटणारा असतो, कोणी आठवडी बाजारात कापड विकणारा. त्याची गाडी हौसेची नसते. तराजू किंवा कात्रीसारखे ते त्याचे हत्यार आहे. तेव्हा उत्तरही रोजीच्या अंगानेच द्यायला हवे. माझे मत आधीच सांगून टाकतो. ओझे लादून, कच्च्या रस्त्याने, खेडोपाडी फिरणाऱ्याने आज तरी चेनच घ्यावी. शहरातल्या शहरात फिरणाऱ्याने बेल्टचा विचार जरूर करावा.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. पट्टा म्हटला की आपल्या लोकांना पिठाची गिरणी आठवते, मालेगाव-भिवंडीकडच्या मंडळींना यंत्रमाग आठवतो. तो सपाट पट्टा ओझे वाढले की घसरतो. मोटारसायकलचा बेल्ट तसा नसतो. त्याला आतल्या बाजूने दात असतात आणि ते पुलीच्या खाचांत बसतात. रबर किंवा पॉलियुरेथेनच्या पोटात अॅरामिड किंवा कार्बनच्या धाग्यांचे मजबूत दोर असतात. ताण बरोबर असेल तर तो घसरत नाही; सैल राहिला तर मात्र दात उडी मारतो. हार्ले-डेव्हिडसनने १९८० च्या सुमारास आपल्या गाडीच्या मागच्या चाकाला असा बेल्ट दिला आणि पुढे त्यांच्या बहुतेक जड गाड्या त्यावरच चालल्या. म्हणजे बेल्ट कमकुवत आहे, ही तक्रार खरी नाही.

खरी अडचण बेल्ट गेल्यावर सुरू होते.

चेन ही कड्यांची बनलेली असते. एक कडी गेली तर ती काढून दुसरी घालता येते. एकदा बाजारगावाहून परतताना माझ्या गाडीची चेन तुटली. जवळच्या फाट्यावर एका टपरीवजा गॅरेजात जुन्या चेनची दोन इंच लांबीची तुकडी आणि एक चेन-लॉक मिळाले. हातोडी आणि पंच एवढ्याच हत्यारांवर कारागिराने अर्ध्या तासात गाडी चालू करून दिली. अशी जोडलेली चेन घरी पोहोचण्यापुरतीच, नंतर बदलायची, हे त्यानेच बजावले. पण त्या दिवशीचा माल बाजारात किंवा रस्त्यात अडकला नाही.

बेल्टला सांधा नसतो. तो एकसंध वाटोळा येतो. पुली आणि बेल्ट यांच्यामध्ये टोकदार खडा सापडला किंवा बसवताना बेल्ट दुमडला गेला तर आतला दोर दुखावतो. वरून काही दिसत नाही आणि पुढे कधीतरी ऐन ओझ्यात तो तुटतो. मग त्याच मॉडेलचा, तेवढ्याच दातांचा, तेवढ्याच रुंदीचा बेल्ट लागतो. तो फाट्यावर मिळत नाही. बहुतेक गाड्यांत मागचे चाक उतरवावे लागते, काहींत मागचा फोर्कही सोडवावा लागतो. चांगल्या रस्त्यावर बेल्ट चेनपेक्षा कितीतरी जास्त टिकतो, हे खरे. पण पाववाल्याला बेल्ट किती वर्षे टिकला यापेक्षा तो गेला त्या आठवड्यात गिऱ्हाइकाकडे पाव कसा पोहोचला, हे महत्त्वाचे. ते गिऱ्हाईक दुसऱ्या बेकरीकडे गेले की परत येत नाही.

कंपन्यांचे वागणेही पाहावे. रिव्होल्टने २०१९ मध्ये आणलेल्या आरव्ही ४०० ला बेल्ट होता. २०२४ च्या स्वस्त आरव्ही १ ला चेन दिली. बेल्ट ही जिची ओळख, त्या हार्लेनेही हीरोबरोबर २०२३ मध्ये इथे काढलेल्या एक्स ४४० ला चेनच लावली. यात किमतीचा भाग मोठा असणार, पण किंमत आपल्यालाही बघायचीच आहे.

ओझेवाल्यासाठी चेनचा आणखी एक फायदा आहे, तो फारसा कोणी सांगत नाही. पुढचे सॉकेट १४ दातांचे आणि मागचे ४२ चे असेल, तर पुढे १३ चे बसवून चाकाची ओढ सात-आठ टक्के वाढते. वेग तेवढाच कमी होतो, पेट्रोलही थोडे जास्त जाते, पण घाटात गाडी दम तोडत नाही. बेल्टच्या पुलीत असा पर्याय सहसा मिळत नाही.

अर्थात चेन घेतली आणि तिच्याकडे पाहिलेच नाही, तर हे सगळे फोल. साधारण दर ५०० किलोमीटरला, पावसात त्याहून लवकर, रॉकेलच्या फडक्याने पुसून ९० नंबरचे गिअर ऑईल द्यावे. इंजिनातले जळके ऑईल चेनला घालण्याची आपल्याकडची सवय वाईट. त्यात धातूचा बारीक कीस असतो, तो कड्यांना आतून घासतो. चेन बोटाने उचलून पाहावी, साधारण एक इंच हलावी. फार ताणली तर गिअरबॉक्सचे बेअरिंग जाते. आणि दात वाघनखांसारखे वाकले असतील तर चेन आणि दोन्ही सॉकेटे एकदमच बदलावीत. "नुसती चेन टाक" म्हणणारे गिऱ्हाईक काही महिन्यांत पुन्हा तीच तक्रार घेऊन येते आणि शिव्या मात्र मिस्त्रीला बसतात. कापडवाल्यांनी शक्यतो पूर्ण चेन-कव्हरची गाडी घ्यावी. उघड्या चेनचे तेल उडून गठ्ठ्यातल्या पांढऱ्या तागांवर डाग पडले की सगळा नफा त्यातच जातो.

शहरातली गोष्ट वेगळी. डांबरी रस्ता, हलके ओझे, सर्व्हिस सेंटर जवळ, अशा ठिकाणी बेल्ट सुखाचा. मात्र घेण्यापूर्वी बेल्टची किंमत आणि तो आज दुकानात शिल्लक आहे का, हे विचारावे. "मागवून देऊ" असे उत्तर आले तर किती दिवसांत, ते लिहून घ्यावे.

आता आपल्या गॅरेजवाल्या भावांसाठी. एथरसारख्या बेल्टच्या इलेक्ट्रिक स्कूटर रस्त्यावर आहेतच, त्या तुमच्या दारी येणार. बेल्टचा ताण बोटाच्या अंदाजाने नव्हे, कंपनीने सांगितलेल्या मापाने पाहायचा असतो. दोन्ही पुली एका रेषेत नसतील तर बेल्टची कड झिजते. आणि हाताखालच्या पोराला पहिल्याच दिवशी सांगा की दिसली गाडी की ऑईलचा डबा उचलायचा नाही. रबरी बेल्टला ऑईल लागले की तो फुगतो, मऊ पडतो. त्याच्यासाठी कोरडे फडके वेगळे ठेवा.