रात्रीचा वायदा कोणाच्या फायद्याचा?

शेअरबाजार दुपारी साडेतीनला बंद होतो. त्यानंतरही, संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत, निर्देशांकांचे वायदेव्यवहार चालावेत असा प्रस्ताव राष्ट्रीय शेअरबाजाराने २०२३ मध्ये सेबीपुढे ठेवला होता. मे २०२४ मध्ये तो परत आला. कारण सांगण्यात आले ते हे की, दलालांचे त्यावर एकमत नव्हते. दलालांचे एकमत उद्या होऊही शकेल. म्हणून या प्रश्नाचा तत्त्वतः विचार आजच केला पाहिजे.

समर्थकांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. २० एप्रिल २०२० च्या रात्री न्यूयॉर्कमध्ये कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. टाळेबंदीमुळे आपला वस्तुवायदा बाजार त्या दिवशी संध्याकाळी ५ लाच मिटला होता. सौदा धरून बसलेल्यांना बाहेर पडण्याची वाटच उरली नाही आणि पिंपामागे उणे २,८८४ रुपये दराने हिशेब झाला. तेल किंवा तांबे यांचे भाव परदेशात ठरतात. त्यांचा खराखुरा व्यापार करणाऱ्याला रात्री संरक्षण हवे, हे मान्यच आहे. त्यासाठीच तो बाजार एरवी रात्री साडेअकरापर्यंत किंवा त्याहूनही उशिरापर्यंत चालतो.

परंतु निर्देशांकाची गोष्ट वेगळी आहे. निफ्टी म्हणजे ५० कंपन्यांच्या समभागांचा भाव. ते समभागच साडेतीननंतर विकले जात नसतील, तर संध्याकाळचा वायदा कशाच्या आधारावर उभा राहणार? न्यूयॉर्कच्या हेलकाव्यांवर! ज्याला मूळ वस्तूचा आधार नाही त्या सौद्याला जोखमीपासून संरक्षण म्हणणे हा शब्दच्छल होय. परदेशी भांडवलाची सोय तर आधीच झालेली आहे. गांधीनगरजवळील गिफ्ट सिटीत जुलै २०२३ पासून निफ्टीचे डॉलरमधील वायदे दिवसाचे सुमारे २१ तास चालतात.

मग संध्याकाळच्या बाजाराला गिऱ्हाईक कोण? दिवसभर नोकरी करून घरी आलेला पगारदार. सेबीच्याच २०२४ च्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या ३ वर्षांत समभागांच्या वायदे-विकल्प व्यवहारांत उतरलेल्या १ कोटीहून अधिक व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्या. एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक. त्यांच्यापैकी तीनचतुर्थांशांहून अधिक जणांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांखाली असल्याचे नोंदविले होते. नफा गेला तो मुख्यतः स्वतःच्या भांडवलावर खेळणाऱ्या पेढ्यांकडे आणि परदेशी गुंतवणूकदारांकडे, आणि त्यांचे व्यवहार संगणकच करतात. यंत्राला झोप लागत नाही, माणसाला लागते. अशा सामन्याचे तास वाढविणे म्हणजे समान संधी देणे नव्हे.

दलाली आणि बाजाराचे शुल्क मात्र प्रत्येक सौद्यावर मिळते, जिंकणाराकडूनही आणि हरणाराकडूनही. आणि पेढ्यांतील कारकुनांचे काय? नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० मध्ये मुंबईच्या गिरणीकामगाराला रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्याच शहरात आज संध्याकाळच्या हिशेबनिशीचे तास कोण मोजणार?

म्हणून मागणी स्पष्ट असावी. ज्या वस्तूचा मूळ बाजार बंद आहे तिचा वायदाही बंद राहावा. आणि वेळ वाढविण्याचा प्रस्ताव पुन्हा आलाच, तर मत केवळ दलालांचे विचारू नये. तोटा सोसणाऱ्यांचे आणि तिथे राबणाऱ्यांचेही विचारावे.